यंदाचं रिटर्न भरण्याआधी मागची बाकी बघा

दरवर्षी रिटर्नचा हंगाम आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी ‘कुठे गुंतवू’ विचारणारे वाचक आता ‘माझा रिफंड कुठे गेला’ असं विचारू लागतात. या वेळची पाच पत्रं निवडली आहेत. त्यांतल्या चौघांची गाठ एकाच गोष्टीशी पडली आहे: आयकर खात्याच्या वहीत त्यांच्या किंवा वडिलांच्या नावावर बाकी निघाली. एकाची बाकी आहे ती बँकेची.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. गेल्या वर्षी १५-एच फॉर्म (व्याजावर कर कापू नका असं बँकेला सांगणारा) द्यायला विसरले, म्हणून बँकेने ठेवींच्या व्याजावर कर कापला. रिटर्न भरून रु. १८,४६० परत मागितले, पण खात्यात जेमतेम रु. ४,९७० आले. चौकशी केल्यावर कळलं की आकारणी वर्ष (कमाईच्या पुढचं वर्ष) २०१७-१८ ची ‘डिमांड’ (कराच्या बाकीची मागणी) होती, ती वळती करून घेतली. मला कसलीच नोटीस आली नव्हती. मधल्या वर्षांत माझा रिफंड कधी निघाला नाही, त्यामुळे हे समजलंच नाही. त्या वर्षी मला निवडश्रेणीचा (वरच्या वेतनश्रेणीचा) पाच वर्षांचा फरक एकदम मिळाला होता, एवढंच आठवतं.

बाई, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. फरक एकदम हातात आला की त्या एका वर्षाचं उत्पन्न फुगतं आणि कर जास्त बसतो. त्यासाठी कलम ८९ खाली सवलत आहे. तुमचं रिटर्न ज्याने भरलं त्याने ती सवलत धरली असणार. पण आकारणी वर्ष २०१५-१६ पासून आयकर खातं ही सवलत फॉर्म १०-ई पोर्टलवर भरलेला असेल तरच मान्य करतं, आणि तो रिटर्नच्या आधी भरायचा असतो. तो राहिला की बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्रातलं संगणक सवलत उडवतं आणि कराची मागणी काढतं. फरकाच्या वर्षी शिक्षकांच्या, ग्रामसेवकांच्या, पोलिसांच्या किती रिटर्नमध्ये हे झालं, याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली आहे.

हे माझ्या अंदाजावर ठेवू नका, स्वतः पडताळा. पोर्टलवर ‘व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स’मध्ये जा आणि त्या वर्षाची कलम १४३(१) ची सूचना उतरवून घ्या. फाइलला पासवर्ड लागतो: पॅन छोट्या लिपीत आणि लगेच जन्मतारीख, तारीख-महिना-वर्ष अशी, मध्ये जागा न सोडता. आत दोन रकाने असतात. एकात तुम्ही लिहिलेले आकडे, दुसऱ्यात खात्याने काढलेले. पट्टी लावून ओळीओळीने खाली या, उत्तरपत्रिका तपासायची सवय तुम्हाला आहेच. जिथे दोन आकडे पहिल्यांदा वेगळे होतात, तिथे तुमची डिमांड जन्मली.

तुमचा हिशेब मी करून पाहिला. सोबत पाठवलेल्या कागदात मूळ मागणी रु. ७,१०० ची आहे, सूचना जानेवारी २०१८ ची. भरायला ३० दिवस असतात. ते उलटले की कलम २२०(२) प्रमाणे दरमहा १ टक्का व्याज, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिनाच धरला जातो. साधारण ९० महिने झाले, म्हणजे रु. ६,३९० व्याज. दोन्ही मिळून रु. १३,४९०. तुमच्या १८,४६० मधून ते वजा करा, उरतात ४,९७०. हिशेब चोख आहे. (खातं आपल्याला रिफंडवर व्याज देतं ते महिना अर्धा टक्का, घेतं ते एक टक्का. असो.)

‘नोटीस आली नव्हती’ हे मात्र मी तसंच मान्य करणार नाही. रिफंड वळता करण्याआधी कलम २४५ खाली लेखी कळवावं लागतं आणि ते कळवणं आता ई-मेलवर होतं. तुमच्या प्रोफाइलमध्ये कोणाचा ई-मेल आहे ते बघा. मी पैज लावते की तो त्या वर्षी रिटर्न भरून देणाऱ्याचा निघेल. गावोगावी एकेका माणसाने दीडदीडशे लोकांच्या रिटर्नला स्वतःचा एकच ई-मेल लावलेला मी पाहिला आहे. नोटीस जाते आणि त्याच्या डब्यात पडून राहते. वेळेत उत्तर गेलं नाही की रक्कम वळती होते. आजच्या आज तिथे स्वतःचा ई-मेल आणि मोबाइल घाला.

आता परत काय मिळेल? खरं सांगते, मूळ ७,१०० कठीण आहेत. चूक दुरुस्तीचा अर्ज कलम १५४ खाली करता येतो, पण ज्या आर्थिक वर्षात आदेश निघाला ते संपल्यापासून चार वर्षांपर्यंतच. तुमची ती मुदत ३१ मार्च २०२२ ला संपली. उशीर माफ करण्याची विनंती करून अपील करता येतं, पण सात हजारांसाठी वकिलाची पायरी चढावी असं मी सुचवणार नाही. व्याजासाठी मात्र एक अर्ज जरूर करा. कलम २२०(२ए) खाली प्रधान आयुक्त व्याज कमी किंवा माफ करू शकतात. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात आणि तिन्ही लागतात: भरणं तुम्हाला खरोखर जड गेलं, उशीर तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला, आणि चौकशीत तुम्ही सहकार्य केलं. ई-मेल दुसऱ्याचा होता याचा पुरावा दुसऱ्या मुद्द्याला उपयोगी पडेल. पहिला मुद्दा पेन्शनदारालाही सिद्ध करणं सोपं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आणि सहकारी शिक्षिकांना एवढा निरोप द्या: फरक मिळाला त्या वर्षी आधी १०-ई, मग रिटर्न.

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. रिटर्न भरायला गेलो तर आमच्या अकाउंटंटने सांगितलं की आकारणी वर्ष २०१८-१९ चे रु. ६,२४० बाकी दिसतात. मी तो कर त्याच वर्षी बँकेत भरला होता असं मला पक्कं आठवतं. तो म्हणतो, ‘किरकोळ रक्कम आहे, मान्य करून टाका, रिटर्न लवकर जाईल.’ काय करू?

मान्य करू नका. निदान आज तरी नको.

‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ असं एक पान आहे. तिथे प्रत्येक मागणीपुढे दोन वाटा मिळतात: मागणी बरोबर आहे, किंवा अमान्य आहे (पूर्ण किंवा काही भाग). ‘बरोबर आहे’ दाबलंत की नंतर तीच मागणी अमान्य करता येत नाही. पोर्टल तसा इशाराही देतं, पण घाईत कोण वाचतो? शिवाय या मागणीपायी तुमचं रिटर्न अडत नाही. डिमांड उभी असतानाही यंदाचं रिटर्न भरता येतं. अडतो तो रिफंड. तेव्हा अकाउंटंटचा ‘लवकर जाईल’ हा मुद्दा मला पटत नाही.

आता तुम्ही भरल्याचं चलन शोधा. त्यावर बँकेच्या शाखेचा सात आकडी बीएसआर कोड, भरल्याची तारीख आणि चलनाचा अनुक्रमांक असतो. या तिन्हीवर खातं तुमचे पैसे ओळखतं. नंतर तेच चलन त्या वर्षाच्या फॉर्म २६-एएसमध्ये (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) दिसतं का बघा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोनपैकी एक निघतं: चलनावर आकारणी वर्षाऐवजी आर्थिक वर्ष टाकलेलं असतं, म्हणजे पैसे एक वर्ष मागे जाऊन बसतात, किंवा चलन बरोबर असतं पण रिटर्नमध्ये त्याचा तपशील भरायचा राहिलेला असतो. दुसरं असेल तर अमान्यतेचं कारण म्हणून ‘मागणी चलनाने भरलेली आहे’ निवडा, तपशील टाका आणि चलनाची प्रत जोडा. पहिलं असेल तर आकारणी अधिकाऱ्याकडे चलन दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागेल.

चलन सापडलंच नाही आणि २६-एएसमध्येही काही नसेल, तर आठवण कितीही पक्की असली तरी पैसे भरा. पण भरताना त्या मागणीसमोरच्या ‘पे नाऊ’वरूनच भरा. तसं केलं की रक्कम ४०० या उपशीर्षाखाली (मागणीपोटी भरलेल्या कराचा क्रमांक), त्या मागणीच्या क्रमांकासह जाते. सवयीने स्वयं-आकारणी कर म्हणून ३०० खाली भरलंत, तर पैसे सरकारकडे पोचतील आणि मागणी तशीच उभी राहील.

तुम्हाला हे इतकं ठासून सांगते आहे त्याला कारण आहे. २०१२ साली माझाच रिफंड असा गेला. तेव्हा मला या कामात वीसेक वर्षं झाली होती, गावाच्या डिमांडी मी निस्तरत होते आणि स्वतःच्या नावाचं खातं कधी उघडून बघितलं नव्हतं. दिव्याखाली अंधार! कार्यालयांतल्या हाती लिहिलेल्या वह्यांमधल्या जुन्या थकबाक्या त्या काळात संगणकावर चढवल्या जात होत्या. त्यात माझ्या नावावर २००६-०७ चे रु. ३,९१२ चढले. मी ते भरले होते. पुरावा होता तो बँकेचा गोल शिक्का मारलेला चलनाचा तुकडा, आणि तो मला आठ दिवसांनी वीजबिलांच्या फाइलमध्ये सापडला. छायाप्रत जोडून पत्र दिलं, मग आठवणीचं पत्र, मग आणखी एक. पैसे परत यायला चौदा महिने लागले. अशा चुकीच्या मागण्यांची आणि न मिळालेल्या टीडीएसची (आधीच कापलेल्या कराची) ओरड इतकी झाली होती की दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन मार्च २०१३ मध्ये त्यावर निकाल दिला. तेव्हापासून एक एप्रिल उजाडला की मी पहिलं लॉगिन स्वतःचं करते.

प्रश्न : मी खासगी कंपनीत होतो, ती आता बंद पडली. पगारातून दरमहा कर कापला जात होता. पगारपत्रकं आहेत, पण फॉर्म १६ (कर कापल्याचा मालकाचा दाखला) मिळाला नाही. २६-एएसमध्ये डिसेंबरपर्यंतचाच कर दिसतो. मी पूर्ण टीडीएस धरून रिटर्न भरलं तर रु. २१,३०० ची डिमांड आली. कंपनीतलं कोणी फोन उचलत नाही. पैसे दोनदा भरायचे का?

नाही. तुमच्या बाजूने कायदा स्पष्ट आहे, अडचण यंत्राची आहे.

कलम २०५ सांगतं की पगारातून कर कापला गेला असेल, तर तेवढा कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागता येणार नाही. कापून सरकारात न भरणं हा मालकाचा गुन्हा. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही २०१५ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना लिहून कळवलं आहे की अशा प्रकरणात कर्मचाऱ्यावर वसुली लादू नका. पण बंगळुरूचं संगणक पगारपत्रक वाचत नाही, ते २६-एएस वाचतं. तिथे नाही म्हणजे त्याच्या लेखी कर कापलाच गेला नाही.

म्हणून मागणी ‘अमान्य’ करा आणि तेवढ्यावर थांबू नका. पोर्टलवरचं उत्तर शेवटी तुमच्या आकारणी अधिकाऱ्याकडे जातं, आणि त्याच्या टेबलावर कागद नसेल तर काही हलत नाही. जानेवारी ते मार्चची पगारपत्रकं, बँकेचं विवरण, नेमणूकपत्र असं सगळं घेऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बँकेच्या विवरणात कर कापून उरलेली निव्वळ रक्कम जमा झालेली दिसली पाहिजे. पगारपत्रकातला निव्वळ आकडा आणि बँकेतला जमा आकडा रुपयाला रुपया जुळला, तर कर कापला गेला हे नाकारणं कोणालाही अवघड जातं. रोखीने पगार घेणाऱ्यांची इथेच पंचाईत होते.

एक धोका मात्र राहतोच. वसुली लादायची नाही म्हटलं तरी मागणी वहीत उभी असेपर्यंत पुढचा रिफंड वळता होऊ शकतो. म्हणून कलम २४५ ची सूचना येईल तेव्हा तिलाही याच कागदांसह वेगळं उत्तर द्यावं लागेल. एकदा उत्तर दिलं होतं, आता पुन्हा कशाला, असं म्हणून बसू नका.

नोकरदार वाचकांना जाता जाता: शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायला मालकाला ३१ मेपर्यंत मुदत असते आणि फॉर्म १६ द्यायला १५ जूनपर्यंत. एप्रिल-मेमध्येच रिटर्न भरून मोकळे होणारे हुशार लोक अपुऱ्या २६-एएसवर रिटर्न भरतात आणि मग डिमांडच्या नावाने आम्हाला फोन करतात. जूनचे दोन आठवडे जाऊ द्या.

प्रश्न : माझे वैयक्तिक कर्जाचे सात हप्ते थकले आहेत. रिटर्न भरलं तर बँक माझा रिफंड घेईल का? नाहीतर रिटर्नच भरत नाही.

आयकर खातं रिफंडमधून आयकराचीच बाकी वळती करतं. बँकेचे थकलेले हप्ते कलम २४५ मध्ये बसत नाहीत. पण ज्या बँकेचं कर्ज थकलंय त्याच बँकेचं बचत खातं तुम्ही रिफंडसाठी दिलं असेल, तर पैसे तिथे उतरल्यावर बँक त्यावर हक्क सांगू शकते. तो तुमचा आणि बँकेचा व्यवहार, त्यात आयकर खात्याचा संबंध नाही. कुठलं बँक खातं पोर्टलवर प्रमाणित करून द्यायचं हे तुम्ही ठरवता. रिटर्न न भरणं हा मात्र उपाय नव्हे. त्यात रिफंड तर बुडेलच, वर कर्जाची फेररचना मागायला जाल तेव्हा बँक मागच्या वर्षांची रिटर्न्सच मागेल.

प्रश्न : वडील दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचं शेवटचं रिटर्न वारस म्हणून मी भरलं. आता त्यांच्या पॅनवर दोन जुन्या मागण्या दिसल्या: आकारणी वर्ष २००८-०९ ची रु. २२,३०० आणि २०१२-१३ ची रु. १४,७५०. आई घाबरली आहे, घरावर जप्ती येईल म्हणते. २०२४ च्या अर्थसंकल्पात जुन्या मागण्या माफ झाल्या ना?

झाल्या, पण सरसकट नव्हे. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि १३ फेब्रुवारीला मंडळाचा आदेश निघाला. आकारणी वर्ष २०१०-११ पर्यंतच्या मागण्यांत प्रत्येकी रु. २५,००० पर्यंत आणि २०११-१२ ते २०१५-१६ च्या मागण्यांत प्रत्येकी रु. १०,००० पर्यंत. एका करदात्यासाठी एकूण कमाल मर्यादा एक लाख. ३१ जानेवारी २०२४ रोजी ज्या नोंदी उभ्या होत्या त्यांनाच हे लागू आहे.

वडिलांची पहिली मागणी या चौकटीत बसते. ती अजून उभी दिसत असेल तर आदेशाचा उल्लेख करून पोर्टलवर तक्रार नोंदवा, आकारणी अधिकाऱ्यालाही पत्र द्या. दुसरी १४,७५० ची आहे, दहा हजारांच्या वर. तिच्यातले दहा हजार माफ आणि वरचे भरा असा हिशेब नाही. ती पूर्ण उभी राहते. तिची १४३(१) ची सूचना काढा आणि वर बाईंना सांगितलं तशी दोन रकान्यांतून तपासा. वडिलांच्या कपाटातली त्या वर्षाची फाइल रद्दीत जाण्याआधी चाळा.

आणि आईंना सांगा, वारसाची जबाबदारी कलम १५९ प्रमाणे मिळालेल्या मालमत्तेपुरती असते. वडिलांनी मागे ठेवलं त्यातून बाकी भागवायची, तुमच्या पगाराला हात लागत नाही. घर वडिलांच्या नावावर असेल तर ते मालमत्तेत येतं, हे लपवत नाही. पण चौदा हजारांसाठी प्रकरण तिथवर जाऊ देण्याची गरज नाही. मागणी खरी निघाली तर भरून टाका, खोटी निघाली तर वारस म्हणून अमान्य करा. तुमची नोंदणी झालेलीच आहे.

नव्या कायद्याबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. वडिलांच्या या दोन्ही मागण्या १९६१ च्या कायद्याखालच्या आहेत, त्यामुळे पत्रात जुनीच कलमं लिहा. कार्यालयात जाल तेव्हा मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद आणि दोघांचे पॅन यांच्या दोन-दोन प्रती जवळ असू द्या.